जुनी जपानी गाडी ओळखायची? आधी पत्रा बघा, मग दिवे

पॉप-अप हेडलाइट दिसले की नवखा माणूस गाडीचं नाव सांगून मोकळा होतो. जुन्या जपानी गाड्यांच्या बाबतीत ही घाई हमखास अंगाशी येते. निसानची १९८८ साली आलेली एस१३ सिल्व्हिया आणि त्याच सांगाड्यावरची १८०एसएक्स यांचंच बघा. जपानी सिल्व्हियाचे हेडलाइट जागच्या जागी, १८०एसएक्सचे वरखाली होणारे. पण बोनेट, पुढचे मडगार्ड, बंपर आणि दिवे हे सगळं बोल्टवर बसतं आणि एकीचं दुसरीला लागतं. १८०एसएक्सला सिल्व्हियाचं तोंड लावायची पद्धत जपानमध्ये इतकी रुळली की अशा गाडीला ‘सिलएटी’ हे नावच पडलं. उलटा प्रकार केला की ‘वनव्हिया’.

या गाड्या तोंडावरून सांगणारा फसतो, छतावरून सांगणारा सहसा फसत नाही. सिल्व्हियाची मागची काच पक्की बसवलेली आणि तिच्या मागे वेगळी डिकी. १८०एसएक्सला काचेसकट वर उचलला जाणारा मागचा दरवाजा. हे बदलायचं तर गाडी अर्धी कापावी लागते, आणि तेवढा खटाटोप कुणी करत नाही. अर्थात इथेही एक मेख आहे. उत्तर अमेरिकेत निसानने २४०एसएक्स या नावाने डिकीवाली कूपे, म्हणजे दोन-दारी गाडीसुद्धा कारखान्यातूनच पॉप-अप दिव्यांसह विकली. म्हणून डिकी आणि पॉप-अप अशी जोडी दिसली तर आधी स्टिअरिंग कुठे आहे ते बघा. डावीकडे असेल तर ती मूळचीच तशी असू शकते.

सगळ्या ओळखीमागे हिशेब एकच: जो भाग बदलायला सोपा, त्याची साक्ष कच्ची. नावाची पट्टी, ग्रिल, चाकं, आरसे, दिवे आणि बंपर सर्वांत कच्चे. त्यावर बोनेट, पुढचे मडगार्ड, डिकीचं झाकण आणि दरवाजे, कारण तेही पाने लावून निघतात. त्याच्या वर छत, खांब, मागचे वेल्ड केलेले पत्रे आणि दोन चाकांमधलं अंतर. सगळ्यांत वर पत्र्यात ठोकलेला चासी नंबर. गाडी बघताना नजर खालून वर जाते, निकाल मात्र वरून खाली द्यायचा.

पायरी १: फोटो आणि टेप

फोनची लेन्स जवळून वापरली की नाक लांब दिसतं, मागचा भाग आखूड होतो आणि प्रमाणांचा अंदाजच चुकतो. आठ-दहा मीटर मागे जा, दुप्पट झूम करा, फोन दाराच्या कडीच्या उंचीवर धरा आणि बाजूचा फोटो अगदी काटकोनात घ्या. मग समोरून, मागून, दोन्ही कोपऱ्यांतून आणि बोनेट उघडून फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीचा. दिव्यांच्या काचांवर कोइतो, स्टॅन्ले किंवा इचिकोह यांपैकी एखादं नाव आणि पुढे आकडा उठवलेला असतो. त्याचाही जवळून फोटो ठेवा. दिवा मुळात कोणत्या मॉडेलचा, हे त्या आकड्यावरून शोधता येतं.

मोजायची गोष्ट एकच, पण नीट मोजायची: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस. चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंनी मोजा. दोन बाजूंत सेंटिमीटरभर फरक आला तर गाडी कधीतरी जोरात ठोकलेली असण्याची शक्यता असते.

सोबत फ्रिजवरचा साधा चुंबक घ्या. फडक्यात गुंडाळून फिरवा, रंगाला चरा पडणार नाही. त्याचा उपयोग पुढे येतो.

पायरी २: काळ ठरवा

आरसे सर्वांत आधी डोळ्यांत भरतात. १९८३ पर्यंत जपानी नियमांनुसार तिथल्या गाड्यांचे आरसे पुढच्या मडगार्डवर असत. त्या वर्षी दारावरच्या आरशांना परवानगी मिळाली आणि काही वर्षांत चित्र पालटलं. पण टॅक्सीवाल्यांनी मडगार्डवरचे आरसे सोडले नाहीत. १९९५ साली आलेली टोयोटाची क्राउन कम्फर्ट वर्षानुवर्षं तेच आरसे घेऊन धावली. शिवाय जुन्या गाडीचे शौकीन दारावरचे आरसे काढून मडगार्डवर बसवतात. तेव्हा आरसा बघण्याऐवजी त्याची भोकं बघा. मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घालून चाचपलं की बुजवलेलं किंवा नव्याने पाडलेलं भोक कळतं. कारखान्यातल्या भोकाची कड एकसारखी असते आणि तिच्यावर मूळ रंग असतो.

मग नंबर प्लेट. छोट्या ‘केई’ गाड्यांना १९७५ पासून पिवळी प्लेट मिळते. मोठ्या गाड्यांच्या पांढऱ्या प्लेटवर गावाच्या नावाशेजारी वर्गाचा आकडा असतो. तो एकअंकी किंवा दोनअंकी असेल तर त्या नंबराची नोंदणी जुनी, तीनअंकी असेल तर १९९८ किंवा त्यानंतरची. आकडा ५ ने सुरू झाला तर छोट्या वर्गातली गाडी: लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर आणि इंजिन २,००० सीसी यांच्या आतली. यांतली एक जरी मर्यादा ओलांडली की ३ चा आकडा लागतो. १९८९ पर्यंत ३ च्या वर्गावर कर फार जड होता, म्हणून त्या काळच्या असंख्य जपानी गाड्यांची रुंदी १,६९० ते १,६९५ मिमीवर येऊन थांबलेली दिसते.

केई गाड्यांत मापच काळ सांगतं. १९७५ पर्यंत ३ मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी आणि ३६० सीसी. १९७६ पासून ३.२ मीटर, १.४ मीटर आणि ५५० सीसी. १९९० पासून ३.३ मीटर आणि ६६० सीसी. १९९८ च्या ऑक्टोबरपासून ३.४ आणि १.४८ मीटर. चूक होते ती बंपरमुळे. नियम बदलला की कंपन्या जुन्याच शरीराला मोठे बंपर आणि मोठं इंजिन लावून तीच गाडी पुढे चालवत. म्हणून केई गाडीची लांबी बंपर धरून एकदा आणि न धरता एकदा, अशी दोनदा लिहून ठेवा.

पायरी ३: बाजारपेठ ठरवा

उजवीकडे स्टिअरिंग म्हणजे जपानमधलीच गाडी, हा आपल्याकडचा नेहमीचा गैरसमज. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये गेलेल्या गाड्याही उजव्या स्टिअरिंगच्याच. अमेरिकेतली गाडी ओळखणं तुलनेने सोपं आहे. १९६८ पासून तिथे गाडीच्या कुशीला, पुढे आणि मागे, दिवे किंवा परावर्तक सक्तीचे झाले. १९७३-७४ पासून धडक सोसणारे जाडजूड बंपर आले आणि नाजूक जपानी गाड्यांची सगळी शोभा त्यांनी घालवली. हेडलाइटचा आकारही कामी येतो: चौकोनी सीलबीमला, म्हणजे काच आणि बल्ब एकत्र बंद केलेल्या दिव्याला, अमेरिकेत १९७५ मध्ये परवानगी मिळाली, त्याआधीची अमेरिकी गाडी गोल दिव्यांचीच.

जपानमधल्या गाडीचा स्पीडोमीटर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून साधारण १८० वर संपतो, केईचा त्याहून अलीकडे. निर्यातीच्या गाडीत मैल किंवा २०० च्या वरचे आकडे सापडतात. स्पीडोमीटर निघतो, बदलतोही. म्हणून ही साक्ष कच्च्या वर्गातलीच धरा.

पायरी ४: पत्रा वाचा

शिकायला निसानची एस३० ‘झेड’ सर्वांत चांगली, कारण एकाच शरीरात जवळजवळ दहा वर्षांचे बदल दडलेत आणि फसवाफसवीही भरपूर. १९६९ च्या शेवटी ही जपानमध्ये फेअरलेडी झेड म्हणून आली, परदेशात डॅटसन २४०झेड म्हणून.

व्हीलबेस मोजा. २,३०५ मिमी आला तर दोन आसनी, २,६०५ मिमी आला तर चार आसनी. चार आसनीचं दार लांब, मागची छोटी काच लांब आणि छत जास्त मागेपर्यंत उंच राहतं. एकदा दोन्ही शेजारी पाहिल्या की पुन्हा टेप लागत नाही.

आता मागचा खांब, म्हणजे दाराच्या काचेमागचा तिरका पत्रा. १९७१ च्या सुरुवातीपर्यंतच्या २४०झेडला त्या जागी ‘२४०झेड’ अशी अक्षरांची पट्टी असते आणि केबिनमधली हवा बाहेर जायची भोकं मागच्या दरवाजावर, काचेच्या खाली, दोन आडव्या जाळ्यांच्या रूपात असतात. नंतरच्या गाड्यांत जाळ्या गेल्या, हवेची वाट खांबावर आली आणि तिच्यावर ‘झेड’ अक्षराचं गोल झाकण बसलं. मागची काच तापवणाऱ्या तारा सुरुवातीला उभ्या, नंतर आडव्या.

बाजारात फसगत होते ती इथेच. सुरुवातीच्या झेडला किंमत जास्त, म्हणून जाळीवाला मागचा दरवाजा शोधून नंतरच्या गाडीला लावला जातो. दरवाजा बिजागऱ्यांवरच असतो, त्याला काय लागतं? खांबावरची हवेची वाट मात्र पत्र्यात असते. ती बुजवायची तर वेल्डिंग, पुट्टी आणि रंग आला. चुंबक खांबावर फिरवा. मध्येच पकड ढिली झाली, तर खाली पुट्टीचा थर आहे आणि तिथे काहीतरी झाकलंय. जाळीवाला दरवाजा आणि खांबावर पुट्टी, हे एकत्र सापडलं की विक्रेत्याच्या गोष्टी ऐकत बसायची गरज उरत नाही.

मागचे दिवे: २४०झेडला रिव्हर्सचा पांढरा दिवा टेललाइटच्या संचातच आहे, २६०झेडपासून तो वेगळा होऊन नंबर प्लेटच्या बाजूला सरकला. २४०झेड, २६०झेड आणि २८०झेड यांची इंजिनं अनुक्रमे २,३९३, २,५६५ आणि २,७५३ सीसीची. शेवटचं अमेरिकेतल्या २८०झेडचं, त्याला कार्ब्युरेटर नाहीत, फ्युएल इंजेक्शन आहे. १९७७-७८ च्या २८०झेडच्या बोनेटवर दोन जाळीदार झाकणं दिसतात. बोनेट बोल्टवर, तेव्हा एवढ्यावरून वर्ष ठरवू नका.

जपानमध्ये २,००० सीसीची एस३० शेवटपर्यंत विकली गेली. १९७१ साली २४०झेडजी आली: लांब फायबरचं नाक, हेडलाइटवर पारदर्शक झाकण, चाकांवर रिव्हेट ठोकलेल्या फायबरच्या पट्ट्या. लांबी ४,३०५, रुंदी १,६९० मिमी. हे नाक आज जगभर तयार मिळतं. खऱ्या गाडीला आणि नकली गाडीला चुंबक सारखाच चिकटत नाही, त्यामुळे इथे तो निरुपयोगी. पाटीवरचा मॉडेल कोड ‘एचएस३०-एच’ आहे का, एवढंच बघायचं.

निसानच्याच स्कायलाइनकडे वळू. १९६८ ते १९७२ ची सी१० मालिका, जिला ‘हाकोसुका’ म्हणतात, तिच्या मागच्या चाकावरून एक धारदार रेघ पत्र्यात दाबलेली आहे. तिला ‘सर्फ लाइन’ म्हणतात. साध्या गाडीत ही रेघ चाकावरून अखंड जाते. जीटी-आर या सर्वांत वेगवान प्रकारात रुंद टायरसाठी चाकाची कमान वर नेलीय, ती या रेघेला कापते. पण कमान कापून वर पट्ट्या लावलेल्या साध्या गाड्या खऱ्या जीटी-आरपेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणून ही खूण फक्त उलट्या बाजूने वापरा: रेघ अखंड असेल तर ती जीटी-आर नव्हे. कापलेली असेल तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

पुढची खूण बोनेट उघडल्यावर दिसते. साध्या जीटीचं एल२० इंजिन एका कॅमशाफ्टचं, म्हणजे झडपा उघडणाऱ्या एकाच दांड्याचं. त्याचे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. जीटी-आरचं एस२० दोन कॅमशाफ्टचं, १,९८९ सीसी, १६० अश्वशक्तीचं. त्यात एका बाजूला कार्ब्युरेटर, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्ट. हे इंजिनच्या जगातलं अज्ञान असलेल्यालाही दहा सेकंदांत दिसतं. व्हीलबेसही मोजा: चार सिलिंडरच्या सेदानचा २,४९० मिमी, सहा सिलिंडरच्या जीटी सेदानचा २,६४० आणि जीटी हार्डटॉपचा, म्हणजे बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेल्या दोन-दारीचा, २,५७०. चार आणि सहा सिलिंडरच्या सेदानमधला हा सगळा फरक पुढच्या चाकाच्या आणि दाराच्या मधल्या पत्र्यात आहे. तिथे हात ठेवला तरी कळतो.

चार गोल टेललाइट ही स्कायलाइनची ओळख १९७२ च्या सी११० पासूनची, ‘केनमेरी’ म्हणतात तिच्यापासूनची. हाकोसुकाला गोल दिवे दिसले तर ते कुणीतरी हौसेने बसवलेत. केनमेरीची जीटी-आर १९७३ साली अवघ्या १९७ बनल्या, त्यामुळे समोर उभी असलेली नकली आहे असं धरूनच तपासायला सुरुवात करा.

स्कायलाइनच्या आर३२ पिढीला चुंबकाचा खरा फायदा होतो. जीटी-आरचं बोनेट आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची आहेत, चुंबक चिकटणार नाही. बाकी, म्हणजे साध्या जीटीएसला ती पोलादी. गाडीची रुंदी जीटी-आरला १,७५५ मिमी, साध्या दोन-दारीला १,६९५. मागचे रुंद पत्रे पोलादी आणि वेल्ड केलेले असतात, म्हणून पुढचा भाग जीटी-आरचा आणि मागचा अरुंद, अशा गाड्या सापडतात. मागे उभं राहून टायर आणि पत्र्याचा फुगवटा बघितला की जुळणी कळते.

बाकी दोन-तीन नावं झटपट. माझदा कॉस्मो स्पोर्टच्या १९६७ च्या एल१०ए ला व्हीलबेस २,२०० मिमी, १९६८ च्या एल१०बी ला २,३५०. दार आणि मागचं चाक यांच्यातली जागा वाढलेली दिसते, शिवाय एल१०बी चं तोंड मोठं आणि चाकं १४ ऐवजी १५ इंची. माझदाच्याच आरएक्स-७ च्या एफसी पिढीत १९८९ पूर्वीच्या टेललाइटमध्ये चौकोनी भाग, नंतर गोल. तिच्या पुढच्या एफडी पिढीला गोल दिवे १९९६ पासून. टोयोटा एई८६ च्या लेव्हिन आणि ट्रुएनो या दोन रूपांत लेव्हिनचे दिवे स्थिर आणि ट्रुएनोचे पॉप-अप, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दोघींचं तोंड अदलाबदल होतं आणि चासीचा मुख्य कोडही एकच, त्यामुळे मूळ कोणती हे कारखान्याच्या पाटीवरचा पूर्ण मॉडेल कोडच सांगतो. १९८५ च्या मे महिन्यात दिवे आणि बंपर बदलले. आधीच्या गाड्यांना झेन्की आणि नंतरच्यांना कोकी म्हणतात.

पायरी ५: कोड वाचा

जपानमधल्या जुन्या गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे इतर देशांत चालणारा गाडीचा ओळख क्रमांक, नसतो. मॉडेल कोड, मग आडवी रेघ, मग अनुक्रमांक, एवढाच चासी नंबर. तो बहुतेक गाड्यांत फायरवॉलवर ठोकलेला असतो. त्यात वर्ष लिहिलेलं नसतं, अनुक्रमांकावरून कंपनीच्या याद्यांत शोधावं लागतं.

निसानचा कोड उलगडायला मजा येते. ‘केपीजीसी१०’ घ्या: के म्हणजे दोन-दारी हार्डटॉप, पी म्हणजे एस२० इंजिन, जी म्हणजे सहा सिलिंडरची लांब नाकाची जीटी आणि सी१० ही पिढी. पी नसेल, नुसतंच ‘केजीसी१०’ असेल, तर ती साधी जीटी, वर कितीही बिल्ले लावलेले असोत. ‘बीएनआर३२’मध्ये बी म्हणजे आरबी२६ इंजिन आणि एन म्हणजे चारही चाकांना ताकद. ‘एचसीआर३२’मध्ये एच म्हणजे आरबी२०. एकच अक्षर वेगळ्या काळात वेगळं इंजिन सांगतं. एस३० मध्ये एच म्हणजे एल२४, अमेरिकेतल्या २८०झेडला पुन्हा तेच एच. तेव्हा एका पिढीची यादी दुसरीला लावू नका. सुरुवातीला सांगितलेली १८०एसएक्सही इथे सुटते: तिच्या कोडमध्ये आर असतो, ‘आरएस१३’ किंवा ‘आरपीएस१३’. सिल्व्हियाच्या कोडला तो आर नसतो.

टोयोटात आधी इंजिनाचं कुटुंब, मग गाडीचं. एई८६ मध्ये ए इंजिन आणि ई म्हणजे कोरोला घराणं. एई८५ तीच दिसते, पण इंजिन १,४५२ सीसीचं आणि एकाच कॅमशाफ्टचं. अशा गाडीला एई८६ चं ४ए-जीई इंजिन बसवून ‘एई८६’ म्हणून विकणं जुनं आहे. ठोकलेला नंबर बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

कोडच्या आधी एखादं अक्षर आणि रेघ असेल तर ती प्रदूषण नियमाची खूण. ए, बी, सी ही अक्षरं १९७५ पासूनच्या काही वर्षांतली, ‘ई-’ १९७८ च्या नियमांपासून नव्वदीच्या शेवटापर्यंत, ‘जीएफ-’ त्यानंतरची. ई-बीएनआर३२ आणि जीएफ-बीएनआर३४ ही त्याची उदाहरणं. अक्षर नसेल तर गाडी त्याआधीची.

पाटीवर रंगाचा कोडही असतो. आर३२ जीटी-आरवर केएच२ असेल तर ती मुळात गनग्रे. आज ती पांढरी दिसत असेल तर दाराच्या आतल्या कडा, डिकीच्या रबराखालची पट्टी आणि डॅशबोर्डच्या मागचा पत्रा बघा. रंगारी तिथपर्यंत क्वचितच पोचतो.

पायरी ६: तारखा जुळवा

सीटबेल्टच्या पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर महिना-वर्ष छापलेलं असतं. जपानी कागदांवर वर्ष राजाच्या कारकिर्दीप्रमाणे असेल तर शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवा, हेइसेईच्या आकड्यात १९८८. शोवा ४८ म्हणजे १९७३. सर्व काचांवरचे कंपनीचे शिक्के एकाच धाटणीचे आहेत का तेही बघा. एकच काच वेगळी असेल तर ती फुटून बदललेली, सगळ्या वेगळ्या असतील तर कारण शोधायला हवं. बेल्टची तारीख गाडीच्या तारखेच्या काही महिने आधीची असणं स्वाभाविक आहे, नंतरची असणं नाही.

खुणा एकमेकींशी भांडायला लागल्या तर नोंद करताना नाव एकच लिहू नका. ‘शरीर १८०एसएक्स, तोंड सिल्व्हिया, चासी नंबर आरपीएस१३’ असं लिहा. पुढे सुटे भाग मागवताना हीच नोंद कामाला येते, कारण इंजिनचा भाग चासीप्रमाणे आणि हेडलाइटचा होल्डर तोंडाप्रमाणे लागतो.

सराव करायला जपानला जायची गरज नाही. मारुती ८०० ही सुझुकीच्याच गाड्यांवरून आलेली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली पहिली एसएस८० ठोकळ्यासारखी, मागची फक्त काच वर उघडणारी. १९८६ नंतरची गोलसर कडांची, पूर्ण मागचा दरवाजा उघडणारी. ७९६ सीसीमुळे दोन्ही जपानच्या तेव्हाच्या ५५० सीसीच्या केई मर्यादेबाहेर. ओम्नी म्हणजे सुझुकी कॅरी, जिप्सी म्हणजे लांब व्हीलबेसची जिम्नी. गावात जुनी जिप्सी दिसली की बोनेट उघडून इंजिन ९७० सीसीचं की १,३०० चं ते बघा आणि मग पाटी वाचा. कित्येक ठिकाणी ‘किंग’ (१,३०० सीसीच्या जिप्सीचं नाव) लिहिलेल्या बोनेटखाली जुनं इंजिन निघतं.